अकरा नंबरची बाटली

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत अकरा बाटल्या येत. गेली नऊ वर्षं येत होत्या, त्याही सोमवारी आल्या. प्रयोगशाळा हे नावच काय ते भारदस्त. प्रत्यक्षात ती पाइप ठेवायच्या गोदामाला लागून असलेली एक खोली होती. एक दगडी ओटा, एक मोरी, दार नीट न लागणारं कपाट आणि एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, त्यामुळे बसणाऱ्याने तोल सांभाळूनच बसायचं. त्या स्टुलावर बसून पाणीताई साऱ्या गावाचं पाणी तपासत असे.

तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं होतं. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला पाणीताई म्हणत आणि रस्त्यात गाठून विचारत, की नळाचं पाणी प्यावं ना? ती म्हणे, खुशाल प्या. आपल्या शब्दावर गाव नळ उघडतं याचा तिला थोडा अभिमान होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

बाटल्या आणायचे ते बाटलीकाका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पण गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. पिशवीतून बाटल्या काढून ते ओट्यावर ओळीने मांडत आणि प्रत्येक वेळी न चुकता म्हणत, "घ्या ताई, तुमची लेकरं आणली." एक नंबरची बाटली ऑफिसच्या अंगणातल्या, टाकीजवळच्या नळाची. अकरा नंबरची खालच्या वस्तीची, तीन किलोमीटरवर, जिथे पाइप संपतो तिथली.

ताई प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेई आणि त्यात औषधाचे थेंब टाकी. पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. रंग पट्टीशी ताडायचा, आकडा वहीत लिहायचा, कागदावर "पिण्यास योग्य" असा शिक्का मारायचा आणि खाली सही करायची. साडेबारापर्यंत काम उरकत असे.

त्या सोमवारी बाळ जाऊन सतरा दिवस झाले होते.

बाळ म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीचं, दहा महिन्यांचं. धाकटी खालच्या वस्तीत दिली होती. आईवडील मागेच गेले, त्यामुळे धाकटीचं माहेर म्हणजे ताईची दीड खोली. तीन दिवस बाळाला जुलाब झाले, चौथ्या दिवशी ते दवाखान्यात गेलं आणि परत आलं नाही. ताई त्यानंतर पाचव्या दिवशी कामावर रुजू झाली. तिला रडू आलं नव्हतं. रडू येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. चहा समोर येई, गार होई, शिपाई उचलून नेई. कुणी बोललं तर ती "हो" म्हणे, आणि कशाला हो म्हटलं ते तिला आठवत नसे.

आठवत होतं ते एकच. चार महिन्यांपूर्वी बाळाला वरचं पाणी सुरू करायचं होतं, तेव्हा धाकटीने फोन करून विचारलं होतं, की ताई, पाणी उकळायला हवं का गं? सासूबाई उकळ म्हणतात, पण सकाळी दोनच शेगड्या, यांचा डबा, थोरलीची शाळा, काही जमत नाही. ताई हसली होती. "अगं, तुझी बहीण तपासते ते पाणी. बिनधास्त पाज."

धाकटीने उकळायचं सोडलं. आणि बाळ गेल्यावर सासूने, नवऱ्याने, शेजारणींनी विचारलं, की का सोडलंस, तेव्हा ती गप्प राहिली. आळस केला असेल, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. आरोग्य खात्याचा माणूस येऊन कागद देऊन गेला. खालच्या वस्तीत मूल दगावलं की कारणाच्या रकान्यात "घरातील अस्वच्छता" लिहायची तिथली रीतच होती. आईचे हात मळके म्हटलं की चौकशी संपते. पुरावा म्हणून पाण्याचा अहवाल जोडलेला होता. अकरा नंबर, पिण्यास योग्य, खाली ताईची सही.

आदल्याच दिवशी, रविवारी, ताई धाकटीकडे जाऊन आली होती. दोन खोल्या, दारात नळ, नळाखाली निळं पिंप. धाकटी पिंपाशी बसून हात धूत होती. साबण लावी, घासणीने घासी, पाणी ओती, पुन्हा साबण लावी. बोटांची सालं निघाली होती आणि मनगटापर्यंत कातडी लालभडक झाली होती. ताईला पाहून ती उठली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. सासूबाईंनी तो मधेच तिच्या हातातून काढून घेतला, मोरीत रिकामा केला, आणि दुसरा पेला स्वतः भरून ताईपुढे ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. रोजचं काम असावं तसं त्यांनी ते केलं. धाकटीच्या हातचं पाणी आता घरात कुणी पीत नव्हतं. तिच्या पाच वर्षांच्या थोरल्या लेकीला, ठकीलाही पिऊ देत नव्हते. बुधवारी संध्याकाळी धाकटीला ताईकडे पोचवायचं ठरलं होतं. ठकी इथेच राहणार होती. "पोर तरी नीट वाढू दे," एवढंच धाकटीचा नवरा खाली बघून म्हणाला. ताई "हो" म्हणाली आणि बसने घरी आली.

तर सोमवार. ताईने एक नंबरची बाटली तपासली, आकडा आला शून्य पूर्णांक पाच. पुढच्या बाटल्यांचा रंग फिका होत गेला, तसा तो व्हायलाच हवा, कारण लांब जाता जाता क्लोरिन वाटेतच खर्ची पडतं. दहाव्या बाटलीला शून्य पूर्णांक दोन. अकरावीत थेंब टाकले आणि पाणी चांगलं हळदीसारखं पिवळं झालं. शून्य पूर्णांक पाच.

तिने आकडा लिहिला, शिक्का उचलला आणि ती थांबली. मग वही मागे उलटली. गेला आठवडा, एक नंबर पाच, अकरा नंबर पाच. त्याच्या आधी चार आणि चार. त्याच्या आधी सहा आणि सहा. तिने कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षं टाकीजवळचं पाणी आणि तीन किलोमीटरवरचं पाणी जुळ्या भावंडांसारखं एकाच रंगाचं होतं. सगळे आकडे तिच्याच अक्षरात होते.

तिने काकांना बोलावून विचारलं. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. ते गोणपाटावर बसले, गुडघा चोळत म्हणाले, "ताई, खालच्या वस्तीत पाणी येतं पहाटे पावणेपाचला, चाळीस मिनिटं. माझी ड्यूटी दहाची. दहाला तिथले नळ ठणठणीत कोरडे. सुरुवातीला रिकामी बाटली आणली, तर मेमो मिळाला. साहेब म्हणाले, टाकी एकच, पाणी एकच, इथूनच भरत जा. मी भरत गेलो." मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. पिवळा रंग तर तुम्हीच बघत होता."

यात काका खोटं काय बोलले? टाकी एकच होती. पण खालच्या वस्तीचा पाइप गटाराच्या कडेने जातो. दिवसातले तेवीस तास तो रिकामा असतो, आणि रिकामा पाइप सांध्यासांध्यातून बाहेरचं जे मिळेल ते आत ओढतो. पहाटे पाणी सुटलं की सगळ्यात आधी तेच नळाला येतं. चाळीस मिनिटांत घर भरायचं असताना पहिली बादली सांडून द्यायची ऐपत तिथे कुणाची नसते. हे सगळं ताई शिकली होती, परीक्षेत लिहून पासही झाली होती.

मंगळवारी पहाटे पावणेपाचला ती खालच्या वस्तीत धाकटीच्या दारातल्या नळाशी उभी होती. धाकटीने कडी काढली, बहिणीला पाहिलं आणि नळाखालचं पिंप बाजूला सरकवलं. नळ आधी खरखरला, मग पाणी आलं, किंचित गढूळ. ताईने दोन बाटल्या भरल्या. एकीत तिथेच थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं, पिवळेपणाचा मागमूसही नाही. दुसरी बाटली जंतूंच्या चाचणीची; तिच्या तळाशी औषधाचा कागद असतो, आणि पाण्यात घाण मिसळली असेल तर दिवसभरात ते काळं पडतं. ती तिने टॉवेलात गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली.

बुधवारी सकाळी कपाट उघडलं, तर बाटली शाईसारखी काळी झाली होती.

ताई स्टुलावर बसली. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं, ते झालं नाही. तिने कागद ओढला आणि शिक्क्याच्या पेटीत हात घातला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की "पिण्यास अयोग्य" असा शिक्का खात्याने कधी करवूनच घेतलेला नाही. मग तिने ते शब्द पेनने, ठळक अक्षरात लिहिले. चार प्रती केल्या.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, बाळाबद्दल हळहळ व्यक्त केली. मग कागद बाजूला सारून म्हणाले, की पाइपचं मी बघतो, प्रस्ताव पाठवतो. एका बाटलीसाठी गाव कशाला घाबरवायचं? तुम्ही आजची तारीख घाला आणि नेहमीसारखी अंगणातल्या नळाची बाटली भरा.

ताई म्हणाली, "नाही भरणार."

"नऊ वर्षांच्या कागदांवर सही तुमची आहे, ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले. "निस्तरायची पाळी आधी तुमच्यावर येईल."

"हो, माझीच आहे," ती म्हणाली, आणि चारही प्रतींवर तिने त्यांच्यासमोर सही केली. एक टेबलावर ठेवली, एक आरोग्य खात्याकडे धाडली, एक बाहेरच्या फलकावर लावली. चौथी प्रत आणि काळी बाटली पर्समध्ये घालून ती बसथांब्यावर गेली.

धाकटीच्या घरी बॅग दारात भरून ठेवलेली होती. ठकी तिच्यावर पाय सोडून बसली होती, कुणी ऊठ म्हटलं तरी उठत नव्हती. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. धाकटीचा नवरा बुटाची नाडी बांधत होता. ताईने बाटली घड्यांशेजारी ठेवली.

"हे तुमच्या नळाचं पाणी आहे. काल पहाटे मी भरलं. नऊ वर्षं जी बाटली तपासली, ती इथली नव्हतीच, ऑफिसातली होती. आणि उकळू नकोस असं हिला मी सांगितलं होतं."

सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मग बोलली का नाहीस?"

"तिची नोकरी आहे ती," धाकटी म्हणाली. "तिच्यावर कशी ढकलू?" मग ती ताईकडे वळली. आवाज साधाच होता. "तुला माहीत होतं?"

"आकडे समोर होते," ताई म्हणाली. "मी बघितले नाहीत."

धाकटीने मान हलवली. ती उठून दारात गेली, पिंपावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि साबण हातात घेतला. सतरा-अठरा दिवसांची सवय. ताई तिच्या मागोमाग गेली. तिने साबण काढून घेतला आणि ते सोललेले हात आपल्या पदरात धरून ठेवले. धाकटीने हात सोडवले नाहीत. तेव्हा कुठे ताईला रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. आत सासूबाईंनी बॅग उघडली आणि त्या ठकीला न उठवता एका बाजूने एकेक कपडा बाहेर काढायला लागल्या.

ताईला मेमो आला, चौकशी लागली, ती अजून चालू आहे. नवा पाइप "लवकरच" येणार आहे. रस्त्यात कुणी विचारलं, की ताई, पाणी प्यावं ना, तर ती आता खुशाल म्हणत नाही. तुमच्या नळाची बाटली कुणी भरली आणि कुठे भरली ते आधी विचारा, असं म्हणते. लोकांना ते आवडत नाही. पुष्कळांनी विचारायचंच सोडलं आहे.

रोज पहाटे पावणेपाचला ती खालच्या वस्तीत असते. बाटली धाकटी धरते, तिचे हात अजून पुरते भरून आलेले नाहीत. ताई थेंब टाकते आणि आकडा सांगू लागते, पण धाकटी तो ऐकायला थांबत नाही. नळी तिच्या हातातून घेते, दिव्याखाली धरून रंग स्वतः बघते, आणि आत जाऊन ठकीच्या पाण्याचं पातेलं शेगडीवर चढवते.