प्यो सरांची जीभ

प्यो सरांनी माझ्या नाशपातीची फोड तोंडात घातली, दोनदा चावली आणि सगळ्या वर्गासमोर कागदी रुमालात थुंकली.

“आत दारू झालीये,” रुमालाची घडी घालत ते म्हणाले. “मा बाई, साठवण जमत नसेल तर शेतात मुळा लावा. हे नाव झाकणावरून काढा.”

तीस जणं बसली होती वर्गात. कुणी हसलं नाही, पण कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. तेच जास्त झोंबलं.

नाव माझं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. चे दोक-बे. आमच्या कोरियात नाजू गावच्या नाशपातीच्या पेटीच्या झाकणावर बागायतदाराचं नाव छापलेलं असतं, आणि चांद्र नववर्षाच्या आधी गिऱ्हाइकं झाकणं वाचत फिरतात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांचं नाव बघून पेटी उचलणारी माणसं होती. नवरा ग्वांगजू शहरात बस चालवतो. बाग मी आणि सासूबाई सांभाळतो. ती नीट सांभाळता यावी म्हणूनच मी ह्या दोन वर्षांच्या कोर्सला आले होते. छाटणी, तोडणी, साठवण, प्रतवारी, सगळं शिकवायचे. प्यो सर कोर्सचे शिक्षक आणि फळं तपासून पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसचे परीक्षकही. शिकवणारे तेच, नापास करणारे तेच, आणि त्यांच्या जिभेपुढे अपील नाही.

घरी येऊन मी प्रत्येक पेटीतलं एकेक फळ कापून खाल्लं. तेवीस पेट्या, तेवीस फळं. पोटाचा नगारा झाला, पण एकही नासकं निघालं नाही.

“मग जाऊन सांग त्याला,” सासूबाई म्हणाल्या.

“त्यांच्या जिभेपुढे माझी जीभ कोण विचारतंय, आई?”

घरापुरती चार फळं ठेवून सगळा माल रसाच्या कारखान्यात गेला. तेही मी गिळलं असतं. पण नववर्षाच्या सकाळी पितरांचं ताट मांडलं, तर सासऱ्यांपुढे सासूबाईंनी बाजारातून आणलेल्या नाशपाती ठेवल्या होत्या. दुसऱ्याच्या बागेचा स्टिकर त्या नखाने खरवडत होत्या.

“आई, हे काय? आपली फळं आहेत ना घरात.”

“थुंकलेलं फळ त्यांच्यापुढे ठेवू?” मान वर न करता त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं ह्याच बागेत राबले ते.”

स्टिकरचा अर्धा तुकडा फळाला चिकटूनच राहिला. तसंच फळ ताटात ठेवून आम्ही नमस्कार केला. तिथेच, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, मी ठरवलं की ह्या माणसाची जिरवायची आणि सासऱ्यांचं नाव झाकणावर परत आणायचं.

दुसऱ्या वर्षी मी एकही तास बुडवला नाही. पहिल्या बाकावर बसायचे. सूड घ्यायचा तरी अभ्यास लागतोच. आणि खोटं का बोलू, मेल्याला शिकवता छान यायचं. “फळ झाडावरून तोडलं तरी श्वास घेतं,” ते सांगायचे. “त्याचा श्वास कोंडलात की वरून राजबिंडं आणि आतून दारू.” मी अक्षरन् अक्षर लिहून घेत होते.

तोडणी संपल्यावर, नोव्हेंबरात, सगळा वर्ग नदीकाठच्या खानावळीत जेवायला गेला. मुरवलेला पाकट मासा खायला. त्याचा वास काय सांगू, संडासाचं दार उघडल्यासारखा नाकात घुसतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. आमच्या माणसांना त्याशिवाय जेवण गोड लागत नाही. सोलहून शेतीखात्याची एक नवी अधिकारीण आली होती, तिला झेपणार नाही म्हणून तिच्यासाठी न मुरवलेला, ताजा मासा वेगळा मागवला होता.

प्यो सरांनी आमच्या ताटातला तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि मान झटकली.

“अगागागा! नाकातले केस जळाले! ह्याला म्हणतात माल!”

सगळे हसले. मीही एक तुकडा तोंडात टाकला. काहीच नाही. थंडगार, मिळमिळीत, ताजा मासा. तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला अधिकारीणबाई ठसकल्या आणि नाकतोंड दाबून बाहेर पळाल्या.

“हात्तिच्या! ताटं बदलली वाटतं वाढणारीने,” माझ्या शेजारची ओक-बुन ताई म्हणाली.

सर तिकडे गप्पांत होते, त्यांनी ऐकलं नाही. तोच ताजा मासा चावत, डोळे पुसत, अजून ‘अगागागा’ चालूच होतं.

माझ्या जेवायच्या काड्या हातातच राहिल्या. ह्या माणसाला वास येत नाही. वास नाही म्हणजे चवही नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फळाची गोडी ते आधी यंत्रावर बघायचे. मग फोड हातात धरून बागायतदाराला विचारायचे, “काय म्हणतंय तुमचं फळ?” आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. चावायचे नंतर. आणि गेल्या वर्षी त्या दिवशी माझं तोंड कसं होतं? आदल्या रात्री कोल्ड स्टोरेजची वीज तीन तास गेली होती. माझी पाचावर धारण बसलेली. त्यांनी फळ चाखलंच नव्हतं. माझं पडलेलं तोंड बघितलं आणि थुंकले.

“काय गं, गप्प का?” ओक-बुन ताईने विचारलं.

“मासा बाधला,” मी म्हटलं.

कुणाला एक शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर ‘नापास झाली म्हणून जळते’ म्हणाले असते. डिसेंबरात मी बिनडागाच्या तीन नाशपाती निवडल्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केल्या आणि खालून जमीन तापवलेल्या खोलीत कोपऱ्यात ठेवल्या. सासूबाईंनी बघितलंच.

“खायच्या वस्तूचा नास करतेस? अगं, देव बघतोय.”

“तीनच आहेत, आई. बाबांचं नाव परत यायचं असेल तर तीन फळं जाऊ देत.”

मग मी त्यांना खानावळीतली सगळी हकिकत सांगितली. संध्याकाळी त्यांनी स्वतः त्याहून जाड पिशवी आणून दिली.

पाच आठवड्यांनी एक फळ कापलं. वरून सोनेरी, डाग नाही, आणि आत तांदळाच्या दारूचा भपकारा. मी खूश झाले. इतकी की मला माझीच थोडी भीती वाटली.

शेवटची परीक्षा नववर्षाच्या दहा दिवस आधी होती. सोलचे तीन घाऊक व्यापारी, शेतीखात्याची माणसं, ती अधिकारीणबाई, सगळे आले होते. मी लिपस्टिक लावून गेले. घरी आरशासमोर हसायची तालीम केली होती, कारण आज माझं तोंडच चाखलं जाणार होतं.

सरांनी यंत्रावर गोडी बघितली. फोड उचलली.

“काय म्हणतंय तुमचं फळ, मा बाई?”

मी लेकीचं लग्न ठरल्यासारखी हसले. सरांनी फोड चावली, डोळे मिटले.

“वा! शिकलात बरं का वर्षभरात. पहिला दर्जा. चे दोक-बे परत झाकणावर.” त्यांनी सही ठोकली.

“अजून एक घ्या ना, सर. लाजू नका.”

त्यांनी घेतली. “मध आहे, मध!”

मी ताटली व्यापाऱ्यांपुढे सरकवली. पहिल्याने फोड तोंडात घातली आणि हातात थुंकली. दुसऱ्याने नाकापर्यंत नेऊन खाली ठेवली. ओक-बुन ताईने पुढे वाकून वास घेतला आणि ती ओरडलीच, “अगं बाई, ही तर दारू!”

“सर,” मी म्हटलं, “गेल्या वर्षी माझं चांगलं फळ तुम्हाला दारू लागलं. आज मी मुद्दाम पाच आठवडे कोंडून दारू केलेलं आणलं, तर ते मध लागलं. जीभ कुठे ठेवून आलात?”

सरांनी उरलेली फोड नाकाशी नेली. पहिल्यांदाच नाटक केलं नाही. नुसतीच धरून ठेवली. कानापर्यंत लाल झाले आणि खुर्चीत बसले.

मग मी पेटीतून चांगली फळं काढली. पाच जणांनी चाखली, पाच जणांनी सह्या केल्या. त्या दिवसापासून आमच्या पॅकहाऊसमध्ये एका जिभेवर निकाल लागत नाही, पाच जणं लागतात. सर त्या पाचांत नाहीत.

सगळं आवरल्यावर मी मागच्या नळावर सुरी धूत होते. सर आले. टोपी हातात.

“चार वर्षं झाली,” ते म्हणाले. “ताप आला होता. तेव्हापासून सगळं कागद चावल्यासारखं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. कळलं असतं तर नोकरी गेली असती.”

“म्हणून दुसऱ्याच्या कष्टावर थुंकलात.”

हातातली टोपी फिरवत ते हळूच म्हणाले, “मा बाई, गेल्या वर्षीचं ते फळ. खरं कसं होतं?”

पेटीत एक नाशपाती उरली होती. मी ती सोलायला घेतली. साल न तुटता एका लांब पट्टीत खाली आली. आमच्यात पहिली फोड वडीलधाऱ्याला देतात. सर पासष्टीचे. सवयीने त्यांनी हात पुढे केला. मी फोड सुरीच्या टोकावर घेतली आणि माझ्या तोंडात घातली.

रस मनगटापर्यंत ओघळला. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, वर्गात बघायचे तसेच. मी भुवईसुद्धा हलवली नाही. दुसरी फोड खाल्ली, तिसरी खाल्ली. आठही फोडी उभ्या उभ्या त्यांच्यासमोर संपवल्या.

“एवढं तरी सांगा,” ते म्हणाले. “गोड होतं का?”

मी सुरी पुसली, पेटी उचलली आणि घरी निघून आले.

नववर्षाला सासूबाईंनी आमच्या बागेतली सगळ्यात मोठी नाशपाती काढली, रीतीप्रमाणे तिचा वरचा काप काढला आणि ती सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांचं नाव छापलेलं नवं झाकणही शेजारी ठेवलं. नमस्कार करताना त्या रडल्या, मी नाही रडले.

प्यो सर अजून कधीकधी बाजारात दिसतात. बोलत नाहीत. माझ्या हातात फळ असलं की थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी तोंड फिरवते.