बसेन की बसेल

शिकारीच्या दुकानात मांडलेल्या मचाणाच्या पट्ट्याचं, अंगठ्याच्या नखाएवढं ते काळं बकल बाबाने कानाशी धरलं, एकदा लावलं, एकदा उघडलं, डोळे मिटून त्याचा टिक ऐकला — नारळ घेताना हलवून बघतात ना, तसा — आणि मान हलवली. नाही. मग पुढचं मचाण, त्याचं बकल. टिक. पुन्हा नाही. शेजारी उभ्या ईशानीच्या मनात आलं की हा माणूस एका बकलचं एवढं कान देऊन ऐकतोय आणि माझं मात्र... नको, तसं नको. तसं म्हटलं की रडूबाई वाटतं, आणि यंदा ती रडूबाई नाही. यंदा ती सोळा वर्षांची आहे, शिकारीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली आहे, अख्ख्या वर्गासमोर उभं राहून हरणाच्या पोटाच्या कप्प्यांवर बोलली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत, खऱ्या टाळ्या. यंदा ती रडत नाही. यंदा ती लक्ष ठेवते.

"आवाज होतोय," बाबा म्हणाला. "रानात हा टिक म्हणजे फटाका."

मग त्याने जॅकेटच्या खिशातून काटा काढला.

बॅगांचं वजन करायचा काटा! वर हँडल, खाली हूक, मध्ये छोटीशी काच. दुकानाच्या भर पॅसेजमध्ये, कॅमोफ्लाजच्या टोप्या घातलेल्या लोकांसमोर, बाबाने एक ॲल्युमिनियमचं मचाण हुकाला लटकवलं आणि श्वास रोखून आकडा बघू लागला. एरवी ईशानी लाजून पुढच्या रांगेत पळाली असती. आज पळाली नाही. कारण तो काटा... तो काटा घरात एरवी दिसत नाही, बेसमेंटमध्ये विंटर टायर्सच्या मागे खोक्यात असतो, आणि बाहेर येतो तो फक्त कुणी जायचं असलं की. आजी नागपूरला परत निघाली तेव्हा आला होता. जयदीपकाका इथलं मिल्टन सोडून दूर समुद्राकाठी हॅलिफॅक्सला गेला तेव्हा त्याच्या बॅगा याच काट्याला लटकल्या होत्या आणि आई म्हणाली होती, बघ, माणूस जाताना किती किलोचा होतो. सगळे हसले होते. ईशानीही हसली होती... मग आज कोण जातंय?

"अरे, धर रे हे जरा," बाबाने मचाण तिच्या हातात दिलं. "कसं वाटतं?"

रे. धर रे, चल रे, उठलास का, जेवलास का. जन्मापासून बाबाची ती रेच आहे. लाडाने. आई चिडते, "मुलगी आहे ती, प्रताप," आणि बाबा म्हणतो, "मग? मी कुठे नाही म्हणतोय!" यात काही बिघडत नव्हतं, मंगळवारपर्यंत.

"हलकंय," ईशानी म्हणाली. "अजून किती हलकं हवंय तुला?"

"जेवढं मिळेल तेवढं. पाठीवर टाकायचं, आत लांब चालायचं, रोज नवं झाड. संध्याकाळी उतरवायचं, घरी."

"पाठीवर कुणी टाकायचं?"

"काय कुणी?"

"अरे म्हणजे, कुणी?"

"ज्याला बसायचंय त्याने," बाबा म्हणाला आणि पुढचं बकल कानाला लावलं.

बघा. हे असं. विचारलं तर उत्तर देतो, पण उत्तर असं देतो की त्यात माणूसच सापडत नाही.

तिच्याकडे पुरावे होते. नाही, पुरावे मोठा शब्द झाला... खुणा म्हणू. रानात हरीण दिसत नाही आधी, खुणा दिसतात — सालीवर घासलेलं शिंग, दबलेलं गवत, ओली लेंडी. तशी पहिली खूण काटा. दुसरी, हलकेपणाचा हा नाद. आणि तिसरी म्हणजे मंगळवार. मंगळवारी ती बेसमेंटच्या जिन्यावर मोजे शोधत होती, बाबा खाली कपड्यांच्या ड्रायरपाशी जयदीपकाकाशी फोनवर बोलत होता, हळू आवाजात, आणि म्हणाला, "हो, ठरलं, यंदापासून एकटा बसे—" आणि नेमका ड्रायरचा भोंगा वाजला.

बसेन की बसेल?

एवढ्याशा न आणि ल मध्ये तिचं सगळं घर उभं होतं. बसेन म्हणजे बाबा. बाबा एकटा बसणार, जयदीपकाकाच्या गावी, समुद्राकाठच्या कुठल्या तरी जंगलात, कारण तिकडे नोकरी आहे, काका गेलं वर्षभर म्हणतोय, ये इकडे, ये इकडे. आणि बसेल म्हणजे... एकटा बसेल म्हणजे मी. कारण बाबा मला एकटी म्हणणारच नाही! वर्गात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, एका अक्षरासाठी कुणी चार रात्री जागतं का. पण त्यांच्या इंग्रजीत हा घोळ होतच नाही, तिथे आय असतो नाहीतर शी असते, सरळ. मराठीत माणूस क्रियापदाच्या शेपटीत बसतो, आणि शेपूट भोंग्याने खाल्लं.

आईला विचारायची तर सोय नव्हती. आईच्या डोक्यात बसणं म्हणजे एकच. बाबा शिकारीच्या पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मोठ्याने म्हणाला होता, "मी आणि जयदीप दर शनिवारी पहाटेपासून बसतो," आणि प्रसादाच्या रांगेतल्या काकवा आईकडे अशा काही दयेने बघायला लागल्या की आईला माइकजवळ जाऊन सांगावं लागलं, झाडावर हो, झाडावर बसतात! तेव्हापासून आईपुढे तो शब्द काढायचा नाही.

खरं सांगायचं तर जुनं मचाण वाईट नव्हतं. कॅम्पबेलव्हिलजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात, मेपलच्या झाडाला साखळीने बांधलेली लोखंडी शिडी आणि वर बाक. दोघांचा बाक. तिथे बोलायचं नसतं म्हणून त्यांची कोपराची भाषा झाली होती : एकदा ढोसलं की डावीकडे बघ, दोनदा ढोसलं की हलू नकोस, आणि नुसतं टेकवून ठेवलं की काही नाही, मी आहे. गेल्या नोव्हेंबरात एक मादी अगदी खाली आली होती, नाकातून वाफ, एक कान मागे, आणि बाबाचं कोपर नुसतं टेकलेलं होतं. धनुष्य उचललंच नाही कुणी. परतताना गाडीत बाबा म्हणाला, "आईला सांगू, दिसलंच नाही." आई मसाला वाटून बसली होती, सावजीचा बेत होता. मग पनीरचं सावजी झालं. आईने अजून माफ केलेलं नाही.

आता ते रान विकलं गेलं. मेपलच्या जागी टाऊनहाऊस येतायत, पाटी लागली आहे, पाटीवर हरणाचं चित्र आहे. म्हणून सरकारी जंगल, म्हणून रोज नवं झाड, म्हणून हलकं मचाण — सगळं बरोबर आहे, सगळं पटतं. पण पटणाऱ्या गोष्टींचाच तिला हल्ली जास्त संशय येतो. हलकं पाहिजे, कबूल. पण हलकी दोन घ्यावीत की नाही? बाबा एकच बघतोय.

"हे बघ," बाबाने एक पट्टा दाखवला. मचाण नव्हतंच ते, नुसती कापडी झोळी, कमरेला बांधायची आणि झाडाला दोरीने लटकायचं. "याला तर वजनच नाही."

"बाबा, हे डायपर आहे."

"अरे, लोक यात दिवस दिवस बसतात."

"डायपरमध्येही बसतात."

बाबा खो खो हसला. हसला की तो इतका बाबा दिसतो की संशय घ्यायची लाज वाटते... म्हणूनच हसवलं की काय? नाही, हसवलं तर मी.

पांढरी वेणी घातलेली, दुकानात काम करणारी एक बाई काटा बघून कौतुकाने थांबली. "ग्रेट आयडिया, दॅट," ती म्हणाली, आणि मग सहज, अगदी सहज, "सो, हूज इट फॉर?"

ईशानीचा चार रात्रींचा प्रश्न असा रस्त्यात पडलेला!

"फॉर पब्लिक लँड," बाबा म्हणाला.

त्याने हूजच्या जागी व्हॉट्स ऐकलं का, कुणासाठीच्या जागी कशासाठी? की व्हॉट्स ऐकल्यासारखं केलं? बावीस वर्षं या देशात राहून माणूस हूज आणि व्हॉट्समध्ये गोंधळतो?... गोंधळतोही. तीही नाही का न आणि ल मध्ये.

बाईने पॅसेजच्या टोकाकडे बोट केलं. तिथे जमिनीत रोवलेलं एक खरं खोड होतं, साल तशीच, आणि त्यावर तेच मचाण पुरुषभर उंचीवर बांधलेलं. ट्राय इट, म्हणाली.

"चढ रे," बाबा म्हणाला.

"मी?"

"मग काय मी? माझे गुडघे बघ."

हीसुद्धा खूणच. पण कशाची? त्याने तिच्या खांद्यांवरून हार्नेसचे पट्टे ओढले, मांड्यांतून घेतले, एकेक बकल लावलं — न बोलता, लहानपणी स्नोसूटची चेन लावायचा तसा — आणि ती चढली. बसली. पाय कडेपाशी बरोबर टेकले. पाठ सालीला लागली. टिक नाही, कुरकुर नाही. आणि तेवढ्यात खाली बाबाचा फोन वाजला, त्याने स्क्रीनकडे बघितलं, "जयदीप," असं पुटपुटला आणि नारिंगी जॅकेटांच्या रांगेमागे गेला.

त्याला वाटलं, दिसेनासा झालो. पण ती वर होती! वरून सगळं दिसत होतं : बाबाची विरळ टाळू, कानाशी फोन, मोकळा हात. हरणं सहसा वर बघत नाहीत, हे त्यानेच शिकवलेलं. ती गोठून बसली, पापणीसुद्धा जपून. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग त्याने मोकळा हात उचलला आणि तळवा आपल्या कानाच्या उंचीवर धरला — एवढा, असं — फोनवरच्या माणसाला दिसत नाही हे विसरून. एवढा काय? मचाण एवढं? की एवढा झाला म्हणून, मोठा झाला म्हणून, एकटा...? ईशानी उंचीने बाबाच्या कानापर्यंत येते. गेल्या महिन्यापासून येते.

तिने कोपर डावीकडे सरकवलं. सवयीने. तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा. आणि मग जे वाटलं ते कुणाला सांगायचं नाही असं तिने स्वतःला लगेच बजावलं : तिला बरं वाटलं. पायांना जागा होती. दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. कुणी ढोसणार नव्हतं, डावीकडे बघायचं की उजवीकडे ते माझं मीच ठरवणार होते. आणि ती मादी पुन्हा आली, नाकातून वाफ सोडत, तर...

बाबा परत आला. खोडाखाली थांबला आणि त्याने वर बघितलं.

"काय म्हणाला काका?"

"काही नाही रे. तिकडे थंडी सुरू झाली म्हणतो." त्याचा हात बुंध्यावर होता. "काय, बसशील?"

एकटी, असं विचारायचं होतं. एक शब्द, आणि सगळं उघड झालं असतं. तू कुठे असशील तेव्हा, पुढच्या झाडावर की विमानात? शब्द दातांपर्यंत आला आणि तिला वाटलं, बोललं तर रानात फांदी मोडल्यासारखा आवाज होईल.

"बसेन," ती म्हणाली.

न अगदी लख्ख आला. कुठलाही भोंगा वाजला नाही. बाबा "हं" म्हणाला आणि जमिनीवरचा काटा उचलून खिशात ठेवला, आणि पैसे द्यायला वळला. तो खुशीत होता की आणखी कशात, ते वरून दिसत नव्हतं, वरून फक्त टाळू दिसते. तिने उतरायला हवं होतं. ती उतरली नाही. चार दिवस तिने बाबावर डोळा ठेवला होता, आणि आता पहिल्यांदाच तिला बाबाचा नाही, त्याच्या मुलीचा संशय येत होता, त्या वर बसलेल्या, पाय टेकलेल्या, गप्प मुलीचा. मंगळवारच्या त्या तुटक्या शब्दात न हवा होता की ल, हे तिला कुणी विचारलं असतं तर...

हार्नेसच्या बकलवर तिचं बोट होतं. उघडलं की टिक होणार होता. तिने ते तसंच धरून ठेवलं.