माझ्या नावापुढची बस

पाचव्या दिवशी सकाळी, रात्री मुक्काम केलेल्या शाळेच्या जेवणघराच्या दारावर यादी लागली. माझ्या नावापुढे 'बस' असं लिहिलेलं होतं.

मी बसने येतो असं कोणालाही म्हटलं नव्हतं. देशाच्या पूर्वेच्या सरहद्दीवरून निघून सात दिवसांत पश्चिमेच्या सरहद्दीपर्यंत जायचं, सगळं अंतर स्कीवर, एकही किलोमीटर न गाळता, एवढंच ठरवलं होतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते शहाणपणाचं होतं की नाही, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. चार दिवस झाले होते. रोज साठ जणांत मी शेवटचा पोहोचत होतो, हे खरं. आजचा टप्पा सगळ्यांत लांब, बहात्तर किलोमीटरचा. संयोजकांनी माझी काळजी घेतली होती. अशी काळजी डॉक्टर घेतात, मुलगी घेते, आणि दर वेळी माझं काहीतरी बंद होतं.

"ओइव्या, खिडकीची जागा पकड," ताइस्तो लापशी खात म्हणाला. तो पूर्वी लाकडाचा ट्रक चालवायचा. माझ्याच वयाचा, आवाज मात्र दोघांचा. "रेनडिअर दिसले तर मोजून ठेव. संध्याकाळी सांग किती ते."

मी चाळीस वर्षं वाचनालयात काढली. पुस्तकात कोणी पेन्सिलीने रेघ मारली तर मला जेवण जात नसे. पण त्या माणसाला जाब विचारायचं धैर्य एकदाही झालं नाही. त्या सकाळी मी खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांसमोर 'बस' खोडलं. रेघ वाकडी आली. ताइस्तोचा चमचा तेवढा थांबला.

मग मी चूक केली. आमच्या गटात डांबर लावलेल्या लाकडी स्की माझ्या एकट्याच्या. बाकीच्यांच्या स्कीखाली केसाळ पट्टी असते, त्यांना मेण लावायची कटकट नाही. माझ्या वहीत आठ वर्षांच्या नोंदी आहेत: या टप्प्यावर दुपारी बर्फ ओला होतो, मऊ लाल मेण लावावं. शाळेच्या भिंतीवरचा तापमापक उणे अकरा दाखवत होता. इतक्या थंडीत कडक मेण लागतं, तरी मी वहीचं ऐकलं.

पहिल्याच जंगलात ताजा कोरडा बर्फ मेणाला चिकटला. स्कीखाली वीतभर जाडीचे गोळे. उंच टाचांचे जोडे घातल्यासारखा मी चालत होतो. शेवटी ओंडक्यावर बसलो आणि चाकूने मेण खरवडलं. बोटं बधिर झाली. निळं, कडक मेण लावलं. यात तास गेला.

हिल्क्का शेजारी उभी राहून वाट पाहत होती. सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना, हे पाहायचं तिचं काम. पन्नाशीची, परिचारिका.

"आजोबा, तीनच्या आत शेवटच्या ठाण्यावर पोहोचलात तर पुढे. नाहीतर बस. नियम आहे."

"माहीत आहे."

"रागावू नका हं माझ्यावर."

"वहीवर रागावलोय," मी म्हणालो.

ठाण्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून नऊ मिनिटं झाली होती. ब्लूबेरीचं गरम सार आणि खारातल्या काकड्या आवरून झाल्या होत्या. बसचं इंजिन चालू होतं, दार उघडं. आतून ऊब येत होती. गुडघे म्हणत होते, चढ. उरले होते सतरा किलोमीटर.

"चला," हिल्क्का म्हणाली. "कोणी हसणार नाही."

मी छातीवरचं नंबराचं कापड सोडलं. गाठ सुटेना, दाताने ओढली. कापड घडी करून तिच्या हातात दिलं.

"हे काय?"

"आता मी तुमच्या यादीत नाही. जंगलातून स्कीवर जाणारा एक म्हातारा आहे. या देशात जंगलातून जायला कोणाची परवानगी लागत नाही."

माझा आवाज कापत होता. वाक्य मात्र पूर्ण झालं.

"प्रमाणपत्र मिळणार नाही."

"नको."

"काही झालं तर जबाबदार कोण?"

"मीच. बऱ्याच दिवसांनी."

मी निघालो. मागे बसचं दार बंद झाल्याचा आवाज आला, बस गेली. थोड्या वेळाने पाठीमागे दुसऱ्या काठ्यांचा आवाज येऊ लागला. वळून पाहिलं तर हिल्क्का. अंगावरचं संयोजकांचं पिवळं जाकीट काढून तिने पिशवीत कोंबलं होतं.

"तुमच्याबरोबर नाहीये मी," ती म्हणाली. "जंगल माझंही आहे."

वाटेतल्या गोठलेल्या सरोवरावर ऊन तिरपं झालं होतं. वहीत लिहिलेला ओला बर्फ कुठेच नव्हता. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा उठायला फार वेळ लागला. तिने हात पुढे केला नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

साडेसहाला, उजेड असतानाच, पुढच्या मुक्कामाच्या शाळेचं छप्पर दिसलं. ताइस्तो सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर टॉवेल गुंडाळून बसला होता, अंगातून वाफ निघत होती.

"मला वाटलं तुला लांडग्यांनी नेलं," तो म्हणाला. "तीनदा लाकडं घातली मी चुलीत. वाट बघत नव्हतो. मला गरम लागतं म्हणून."

"रेनडिअर सहा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी यादी लागली. नंबर परत केलेला, त्यामुळे तीत माझं नावच नव्हतं. मी तळाशी पेनने लिहिलं: ओइवा करपेला, स्कीवर. मग बाहेर जाऊन आधी तापमापक पाहिला.