ओळखीची फाईल

नानाजींच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि घरातले सगळे कायदे सध्या त्या पट्टीपासून सुरू होत होते. डावा डोळा लहानपणीच तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, लागून गेलेला, त्याला उजेड-अंधारापलीकडे काही कळायचं नाही. राहिला तो उजवा. त्याचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्याला होऊन आज चौथा दिवस होता. आत सूज होती म्हणून पट्टी आठवडाभर ठेवायची होती. डॉक्टर माणूस पारखणारे असावेत, कारण सुटी देताना ते नानाजींशी बोललेच नाहीत. सरळ त्यांच्या बायकोकडे, विजयमालाबाईंकडे वळून म्हणाले, "धूळ नको, वाकणं नको, पट्टीला हात नको. आणि महिनाभर यांना कॉम्प्युटरसमोर बसू द्यायचं नाही. हा डोळा बिघडला तर माझ्याकडे दुसरा नाही, बाई."

हे शेवटचं वाक्य विजयमालाबाई बसमध्ये आपल्या गावापर्यंत, मेडशीपर्यंत, मनातल्या मनात घोळवत आल्या होत्या.

आता नानाजींना कॉम्प्युटरपासून लांब ठेवायचं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून हा माणूस निवृत्त झाला, आणि लोक निवृत्त झाल्यावर देवदर्शनाला जातात तर यांनी कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेले पाच कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. ओसरीत मांडले. त्यात लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि पाहिजे तसं बदलता येतं, म्हणून. मग तीन वर्षं बसून त्याचा प्रत्येक कोपरा आपल्या हाताने बदलला. पहिली मशीन मुख्य, बाकीच्या चार तिच्याच जिवावर चालत. गणिताचे, विज्ञानाचे, टायपिंगचे धडे नानाजींनी स्वतः बनवलेले, आणि ते बोलत वऱ्हाडीत. उत्तर चुकलं की पडद्यावर यायचं, "घाई कायले करतं? पुन्हा पाह्य." गावातल्या पोरी रोज तीन वाजता यायच्या आणि सहापर्यंत ओसरी गजबजलेली असायची.

नानाजींचा डोळा बरा होईपर्यंत ओसरी सांभाळायचं काम बाईंकडे होतं. सांभाळायचं म्हणजे बटण दाबून सुरू करायचं, धूळ पुसायची आणि पोरींना भांडू द्यायचं नाही. आज सकाळी त्यांनी पहिली मशीन सुरू केली तर पडद्यावर आलं की अपडेट तयार आहे. बाईंनी करू दिलं. अर्ध्या तासाने मशीनने विचारलं, मराठीतच विचारलं, की ही एक फाईल तुमच्याकडे कोणीतरी बदललेली दिसते, जुनीच ठेवायची की त्या जागी नवी घ्यायची?

इथे या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. नानाजी काहीही टाकून देत नाहीत. तुटलेल्या छत्रीच्या काड्या, बंद घड्याळं, मुलाच्या, विकासच्या पाचवीतल्या वह्या, सगळं माळ्यावर. आणि विजयमालाबाईंच्या आयुष्यातलं मोठं सुख म्हणजे जुने कपडे घेऊन नवं भांडं देणारी भांडेवाली दारात येणं. तिच्याशी तासभर घासाघीस करून त्यांनी नानाजींच्या तीन सफारी एका पातेल्याच्या बदल्यात देऊन टाकल्या होत्या. तेव्हा जुनं ठेवू की नवं घेऊ, असं कोणी आपणहून विचारल्यावर त्या बाईने काय उत्तर द्यावं? त्यांनी "नवं" वर बोट ठेवलं. थोड्या वेळाने मशीनने विचारलं, बाजूला ठेवलेल्या जुन्या फायली साफ करू का? बाईंनी तेही मोठ्या समाधानाने "हो" म्हटलं. झाडून काढल्यासारखं वाटलं त्यांना.

तीन वाजता पोरी आल्या. सुकेशनी सगळ्यांत पुढे, कारण पहिल्या मशीनवर तिचा हक्क होता असं तिने स्वतःच ठरवलं होतं. तिने गणिताचा धडा उघडला. धडा उघडला नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या.

"तू कोण व्हय? मी तुले ओळखत नाई. नानाजीले बलाव."

दुसऱ्या मशीनवर तेच. पाचही मशीनवर तेच.  विजयमालाबाईंना आठवलं, मागे एका भाच्याने हे धडे उचलून कुठल्याशा दुकानात चालवले होते. तिथे आकडे उलटेपालटे दिसले आणि लोकांनी नानाजींना बोल लावला. तेव्हापासून नानाजींनी धड्यांना सवय लावली होती, की उघडण्याआधी मशीनची ओळखीची फाईल वाचायची. मशीन कोण, तिचं नाव काय, हे त्या फायलीत लिहिलेलं असतं. नाव आपलं असेल तर उघडायचं, नाहीतर नाही.

सकाळी आपण कशाला "नवं" म्हटलं, ते बाईंना आता कळलं. पण पोरींपेक्षा त्यांचं लक्ष मधल्या खोलीच्या दाराकडे होतं. तिथे खाटेवर तो माणूस पडलेला होता, आणि हे त्याच्या कानावर गेलं तर तो पट्टी फेकून इथे येऊन बसणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"पोरी हो, आज घरी जा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लाइन गेली."

"काहून गेली?" आतून नानाजी म्हणाले. "माह्या डोक्यावर तं पंखा फिरून राह्यला."

डोळ्याचं काम कानांनी घेतलं होतं.  वैष्णवी, जी पोरींमध्ये सर्वांत लहान होती आणि जिला खोटं बोलायचं अजून नीट जमत नव्हतं, ती म्हणाली, "सर, मशीन आमाले ओळखून नाई राह्यली."

खाट करकरली. विजयमालाबाई धावत आत गेल्या आणि उठू पाहणाऱ्या नवऱ्याच्या छातीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"उठले तं पाहा!"

"अवं, पाच मिनिटांचं काम हाय, विकासची माय. दोन ओळी पाहून येतो."

"पाहून नाई यायचं. पाहायचंच तं नाई ना तुमाले!"

"मंग तू काय केलं ते तरी सांग."

बाईंनी सांगितलं. नव्या फाईलचं ऐकून नानाजी शांत होते. "घाबरू नको," ते म्हणाले, "जुनी फाईल ते बाजूले ठेवते, तिथूनच उचलू."

बाईंनी घसा साफ केला. "त्यानं इचारलं, जुनं साफ करू काय म्हणून."

"मंग?"

"मंग काय. म्या करू देलं."

 नानाजींच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट थरथरले, आणि हसू आवरत आहेत की रडू, हे बाईंना कळेना. मग ते नेहमीच्या मास्तरी आवाजात म्हणाले, "विकासले फोन लाव."

विकास पुण्याहून म्हणाला की रविवारी येतो आणि सगळं पुसून नवीन टाकून देतो, एकदाची कटकट मिटेल. फोन स्पीकरवर होता. सगळं पुसून, हे शब्द ऐकताच नानाजींचा हात आपोआप पट्टीच्या कडेला गेला. विजयमालाबाईंनी तो हात धरला तेव्हा त्यांना जाणवलं की हा माणूस खरंच पट्टी काढेल. तीन वर्षांचं काम वाचवायला तो उरलेला डोळा पणाला लावेल, आणि वरून म्हणेल की पाचच मिनिटं लागली. त्यांना फार राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. या डोळ्याला सकाळची भाकर वाढताना त्या दिसायच्या, दुसऱ्या कुठल्या डोळ्याला नाही.

"म्या करते," त्या म्हणाल्या.

"तू?"

"तुमी डोये मिटून सांगा. म्या लिवते. इंग्रजीचे अक्षरं येते मले, सातवी पास हावो. पण पट्टीले हात लावला तं मशीन अंगणात नेऊन फेकीन, सांगून ठेवते."

खाट ओसरीच्या दारापर्यंत ओढायला चार पोरी लागल्या. बाहेर कुठेतरी सोयाबीन निघत होतं, मळणीयंत्राची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. नानाजींना पडद्याकडे पाठ करून निजवलं, आणि विजयमालाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या काळ्या खिडकीसमोर बसल्या, जिच्यात चित्र नसतं, नुसती अक्षरं असतात. शेजारी सुकेशनी उभी राहिली. तिचे हात शिवशिवत होते.

"आजी, म्या टाइप करून देऊ काय? लवकर होईन."

"नाई," बाई म्हणाल्या. "बिघडवलं म्या, दुरुस्त बी मीच करीन."

नानाजी सांगत गेले. आधी फाईल उघडायचा हुकूम, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही हे त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून बाईंनी तो तीनदा टाकला आणि मशीनने तिन्हीदा हाकलून दिलं. चौथ्यांदा फाईल उघडली. इतकुशी फाईल, सात-आठ ओळी. बाईंना आश्चर्य वाटलं, एवढ्याशासाठी पाच मशीन अडून बसल्या? एकेक ओळ त्या वाचून दाखवत, नानाजी म्हणत, "ही राहू दे," किंवा "ही खोड." पहिल्या ओळीत मशीनचं मोठं नाव होतं, ते त्यांनी सांगितलं तसं लिहून झालं, मेडशी वाचनकक्ष. बाईंचं एक बोट कीबोर्डवर दाण्यामागे फिरणाऱ्या कोंबडीसारखं चालत होतं, पण चालत होतं.

"आता आयडीची ओळ," नानाजी म्हणाले. "धडे हेच वाचते. बाकी काई चुकलं तं चालते, हे नाई चालत. सगळे बारके अक्षरं." आणि ते थांबले.

"सांगा ना."

"पी."

बाईंनी पी शोधला.

"ए. एन. सी. एच."

"ग्रामपंचायतीचं नाव टाकलं काय?" बाई म्हणाल्या. "त्यायनं एक खुर्ची तरी देली काय तुमाले!"

नानाजींनी खुर्चीचा विषय सोडून दिला. मग म्हणाले, "एफ."

विजयमालाबाईंचं बोट हवेतच राहिलं.

बेचाळीस वर्षांपूर्वी इंझोरीला, बाईंच्या माहेरी, लग्नाच्या मांडवात पितळी ताटात तांदूळ पसरले होते, आणि नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात विजयमाला असं लिहिलं होतं. ते नाव नवऱ्याच्या आत्याने निवडलेलं. मुलीला कोणी विचारलं नव्हतं, विचारायची रीतच नव्हती. ताट लोकांनी पाहिलं, नाव वाचून साखर वाटली, आणि त्याआधी अठरा वर्षं जी मुलगी त्या घरात होती तिचं नाव त्या दिवसापासून सासरी कोणाच्या तोंडी राहिलं नाही. आई होती तोवर माहेरी त्या जुन्या नावाने हाक यायची. मग भाऊ होता तोवर फोनवर यायची. भाऊ जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

"यू," नानाजी म्हणाले. "एल..."

"मले माहीत हाय पुढचं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

 नानाजी तसेच पाठ फिरवून बोलले, "आत्यानं कानात नाव सांगतलं आन म्या लिवलं. तू मान खाली घालून बसली होती. मले वाटलं, एकदा इचाराव तुले, आवडलं काय म्हणून. पण एवढे लोक होते. हिंमतच नाई झाली. मंग राहूनच गेलं." त्यांनी खाटेच्या दोरीला नख लावलं. "या मशीनले नाव पायजे होतं, तवा दुसरं काई सुचलंच नाई."

"तीन वर्षं झाली. एका शब्दानं नाई बोलले."

"तू हसली असती."

हसल्या असत्या, हेही खरं. आता मात्र त्यांना हसू येत नव्हतं. पदराने डोळे पुसून त्यांनी उरलेली चार अक्षरं शोधली, आणि त्यासाठी एकदाही विचारावं लागलं नाही.

"झालं?" नानाजींनी विचारलं. "अवं, एक अक्षर इकडं तिकडं झालं तं पुन्हा नाई उघडणार ते. म्या फक्त एक सेकंद..." ते वळले होते. अंगठा पट्टीखाली गेलाच होता.

विजयमालाबाई खुर्ची सारून उठल्या आणि त्यांनी आपला तळहात त्या पट्टीवर, त्या एकुलत्या डोळ्यावर, अलगद झाकला. "पडून राहा. म्या वाचून दाखवते."

हात तसाच ठेवून, मान वळवून, त्यांनी पडद्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचली. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखी, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. आयडीच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी आधी अक्षरं वाचली, मग सगळं जोडून पूर्ण नाव.

"पंचफुला."

"बरोबर हाय," नानाजी त्यांच्या हाताखालून म्हणाले.

सुकेशनीने फाईल जतन केली, धडा दाबला. गणिताचा धडा उघडला आणि पोरी खुर्च्या ओढत आपापल्या जागी पळाल्या. वैष्णवी तेवढी अजून पडद्याजवळच उभी होती.

"आजी, हे नाव कोनाचं व्हय?"

"माहं," त्या म्हणाल्या.