ओळीच्या शेवटचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ओउलू शहरातल्या एका छोट्या कंपनीत नव्या प्रोग्रामांचा वेग माझ्यावर तपासत. प्रोग्राम चालताना आत काय काय घडलं ते मोजणारे चार मोजणीदार माझ्या प्रोसेसरात बसवलेले आहेत, एका वेळी एकाला एकच प्रश्न. इर्मेली नावाची अबोल बाई रोज सकाळी कॉफीचा मग माझ्या डोक्यावर टेकवून प्रोग्रामाच्या वेगाबद्दल मला चार प्रश्न विचारायची. कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच! खूश होऊन तिने माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली, 'हा खोटं बोलत नाही.' मी फार फुशारलो होतो तेव्हा.

मग माझा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल, बदलला. मी मध्येच अडकून तर पडत नाही ना, हे पाहायला नव्या कर्नलने एक मोजणीदार पहाऱ्यावर नेला. प्रश्न चार, मोजणारे तीन. ते आळीपाळीने पाहू लागले आणि न पाहिलेल्या वेळाचा हिशेब अंदाजाने भरू लागले. मी काही लपवलं नाही. ओळीच्या शेवटी '७५ टक्के' छापायचो, म्हणजे एवढाच वेळ पाहिलं. पण तिथे वर्षानुवर्षं शंभरच असायचे, मग वाचतंय कोण?

इर्मेलीने वर्षभर खपून लिहिलेला प्रोग्राम नेमका त्याच आठवड्यात आला. तो थांबून थांबून, झटक्याने काम करणारा. त्यामुळे माझा अंदाज दर वेळी भलतीकडेच जाई, आणि तिच्यासमोर दर वेळी वेगळा, जुन्या प्रोग्रामपेक्षा वाईटच आकडा येई.

"अगं, जुन्या कर्नलवर चालवून बघ ना एकदा," तिचा सहकारी योर्मा म्हणाला. "यंत्राचंच चुकलं असेल."

"याचं? अकरा वर्षांत कधी चुकलाय हा? मीच माती खाल्लीय."

"हट्टी आहेस!"

"हट्टी नाही रे. दमलेय."

तिने आपल्या हाताने ते काम काढून टाकलं. वसंतात नोकरी सोडून ती केमी गावी बहिणीकडे निघून गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला आवाज कुठला?

दोन वर्षांनी मला अडगळीत टाकण्याआधी योर्माने शेवटची मोजणी केली. त्याचं बोट ओळीच्या टोकाशी थबकलं. त्याने पहारा उठवला, इर्मेलीचा प्रोग्राम जुन्या प्रतींतून शोधून चालवला. आकडा दहाही वेळा तोच, आणि जुन्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी चांगला. त्याने तिथूनच तिला फोन लावला.

त्याने तिला सगळं सांगितलं.

"परत येतेस?" त्याने विचारलं.

"नाही रे. तेव्हापासून एक ओळ लिहिली नाही मी. भरवसाच उडाला स्वतःवरचा." मग म्हणाली, "चिठ्ठी आहे अजून?"

"आहे. काढू?"

"राहू दे. तो खरंच खोटं बोलला नव्हता."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आता मी कपाटात आहे, चिठ्ठीसकट. मित्रांनो, आकडा शेवटपर्यंत वाचत जा. आणि कुणाची वर्षभराची मेहनत पुसण्याआधी माझ्यासारख्यावर एकदा खुशाल संशय घ्या.