मुळ्याच्या वाफ्यातला पाहुणा

हुकसान बेटावर माल्सुन आणि तिची धाकटी जाऊ ओख्वी यांची घरं अंगणाला अंगण लागून होती. दोघीही बेटावर येणारे पाहुणे पैसे घेऊन घरी ठेवत आणि त्यांना जेवूखाऊ घालत. त्या वसंतात युरोपातला एक तांबड्या गळ्याचा रॉबिन वाट चुकून बेटावर आला आणि नेमका ओख्वीच्या मुळ्याच्या वाफ्यात उतरला. बोटी भरभरून कॅमेरेवाले आले. ओख्वीच्या दारात बूट मावेनात आणि माल्सुनकडे माशीही फिरकेना.

माल्सुनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आपलं परस उकरून गांडुळं वर काढली, मांजर कोंडून ठेवलं, तरी पाखरू तिकडे ढुंकून बघेना. चौथ्या दिवशी सगळे जेवायला बसलेले पाहून ती कुंपणाशी गेली आणि पत्र्याचं घमेलं बडवत ओरडली, "चल, नीघ मेल्या!"

पाखरू उडून भिंतीवर बसलं, त्यानं शेपटी हलवली आणि पुन्हा त्याच वाफ्यात उतरलं.

"ताई, पहिल्या दिवशी मीही त्याला झाडूनं हाकललं होतं," मागून ओख्वी म्हणाली. "निर्लज्ज आहे मेलं, जातच नाही. बरं, माझ्याकडचा भात संपलाय. सहा जणांना तुमच्याकडे जेवायला पाठवू का?"

हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं माल्सुनला वाटलं.

"पाठव," ती म्हणाली आणि घरात जाऊन तिनं समुद्री शेवाळाचं सार चुलीवर चढवलं. सहाही जण चाटूनपुसून जेवले. ओख्वीच्या सारापेक्षा हे बरं झालंय ना, असं मात्र तिनं प्रत्येकाला दोन-दोनदा विचारलं.