जपानी आरमारातला नारळ

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. नाही वाटलं तरी माझं काही अडत नाही. जपानच्या एका कप्तानाला ते खरं वाटलं होतं, आणि त्याच्या राखणीतली उरलेली सगळी जहाजं त्यामुळंच तरली. पण ती हकीगत सांगायची तर आधी बोअरच्या गाडीपासून सुरुवात करावी लागते. त्या गाडीपायीच मी ती चारचौघांत शेवटची सांगितली.

बहात्तरचा दुष्काळ. पारनेरच्या पठारावर आमचं गाव, आणि गावाच्या वर, माळावर, आमची पाच-सात घरांची वस्ती. गावच्या विहिरीला निदान तळाशी घोटभर पाणी होतं. वस्तीला तेही नाही. आमची बनुबाई पार खाली ओढ्यातल्या झऱ्यावर जायची. उतरताना गुडघे धरून, चढताना देवाला धरून. मी एकदा म्हटलं, आण इकडं, मी आणतो हंडा. गेलो, तर झऱ्यावरच्या बाया इतक्या हसल्या की दुसऱ्या दिवशी बनूनं हंडा माझ्या हातातून ओढून घेतला. "तुमाला न्हाई, मला हसत्यात त्या," म्हणाली. तिचे गुडघे त्या साली असे वाजायचे, की ती चढण चढून येतेय हे मला घरात बसल्या बसल्या ऐकू यायचं.

आणि नवरा कोण? तर मी, गहिनीनाथ औटी, सगळ्यांचा नाना, गावचा पाणाड्या! तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रानातून चालायचं. जमिनीखाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून ताडकन उभा राहतो. आमच्या शिवारातल्या निम्म्या विहिरी माझ्या नारळानं दाखवलेल्या आहेत. ज्यांना पाणी लागलं, त्या.

तर त्या उन्हाळ्यात नगरहून खडकाला भोक पाडणारी ती गाडी आली. गावाला एकच बोअर मिळणार होती. बरोबर शामकांत चौकर नावाचे साहेब. वय लहान, टोपी मोठी. त्यांनी तारांचं एक यंत्र गावभर फिरवलं आणि चुन्याच्या दोन फुल्या मारल्या. एक चावडीपुढं. दुसरी वस्तीवर, नेमकी माझ्या दारात. माझ्या नारळानंही तीच जागा दाखवली होती, आता याला मी काय करणार?

बनूला मी काही सांगितलं नव्हतं. ती फुली बघून म्हणाली होती, "पोरांनी कायतरी खेळ मांडलाय." मी म्हटलं, असेल. मशीन दारात धडधडायला लागलं, पाणी वर आलं, की तिचं तोंड बघायचं, एवढाच माझा बेत.

शेवटची जागा ठरवायला साहेब वस्तीवर आले. त्यांच्या पाठोपाठ सरपंच कानिफनाथ. मी लिंबाखाली घोंगडी टाकली आणि कपात अर्धा अर्धा चहा दिला. पाण्याचा काळ होता, चहालाही लाज होती.

"साहेब, चावडीच बरी," कानिफ म्हणाला. "समद्या गावाला सोयीची. हितं वर कोन हाय? नाना, आन् नानाची शेरडं."

"कानिफ, गावाला विहीर हाय," मी म्हणालो. "आमाला काय हाय? आन् नारळ हितं उभा ऱ्हायलाय. तुज्या चावडीत तो लोळत हुता, तुज्यावानी."

साहेब हसले. "आजोबा, माझं यंत्र दोन्हीकडे सारखंच दाखवतंय. पण नारळाचं मी ऐकायचं म्हणता? त्याला आधार काय?"

"आधार?" मी घोंगडीवर नीट मांडी घातली. "जपानच्या आरमाराचा!"

कानिफनं कपाळाला हात लावला. "साहेब, उठा. निघाली बोट."

पण साहेब उठले नाहीत. आणि मी सुरू केलं.

सिंगापूर पडलं आणि आमची पलटण जपान्यांच्या कैदेत गेली, हे तर सरकारदरबारी आहे. पुढं आम्हाला एका भल्या मोठ्या जहाजाच्या पोटात कोंबलं आणि कुठल्याशा बेटावर विमानतळाचं काम करायला नेऊ लागले. अशी पुष्कळ जहाजं एका तांड्यानं चालायची. मालाची, माणसांची, तेलाची. आणि तांड्याच्या भोवती एक बारकी राखणीची बोट. मेंढरांभोवती धनगराचं कुत्रं फिरतं ना, तशी. घटकेत पुढं, घटकेत मागं, मध्येच नाक वर करून हुंगायची. लांडगा म्हणजे अमेरिकेची पाणबुडी. ती पाण्याखालून यायची आणि एकेक मेंढरू उचलायची.

एके दिवशी तिनं आमचं उचललं. जहाज फुटलं, दोन तुकडे झाले. पोटातली किती माणसं वर आली, ते मला विचारू नका. तेवढा भाग मी कधी रंगवून सांगत नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. कानिफनंही ठेवला.

"मी तरंगत हुतो," मी म्हणालो. "जहाजावर नारळाचा माल हुता, तो समदा पान्यावर पसरला. येक नारळ काखेत धरला, आन् त्यानं मला धरलं. राखणीच्या बोटीनं दोर टाकला. वर गेलो. अंगावर चिंधी न्हाई, पर नारळ सोडला न्हाई."

"वाजवी हाय," कानिफ म्हणाला. "तेवढीच लाज झाकली."

बोटीवरची रीत सांगतो. बारकी असली तरी बोट पक्की. बुडापासून शेंड्यापर्यंत नुसतं लोखंड. उन्हात पत्रा असा तापायचा, की भाकरी टाकावी आणि फुगावी. माझ्या तळपायांना आलेले फोड मी साहेबांना दाखवले. म्हणजे ते जिथं आले होते ती जागा दाखवली. मागच्या अंगाला सुरुंगाची पिंपं रचलेली. पाणबुडीचा सुगावा लागला की पिंपं पाण्यात लोटायची. खोल जाऊन ती फुटायची आणि समुद्र विहिरीच्या सुरुंगासारखा उसळायचा. सगळं होतं, पण सुगावा लागत नव्हता. त्यांचं एक यंत्र होतं. एक खलाशी कानाला डबी लावून बसायचा आणि खालचा आवाज ऐकायचा. त्याला बहुतेक वेळा स्वतःच्याच बोटीचं इंजिन ऐकू यायचं.

"आजकालच्या यंत्रांचं तसंच असतं," साहेब म्हणाले, आणि आपल्या तारांच्या पेटीकडं तिरकं बघितलं.

मी तिथं हात जोडले. जाणत्या माणसाला नमस्कार करावा.

तर मला भटारखान्यात तांदूळ निवडायला बसवलं. मी सहज, सवयीनं, नारळ तळहातावर ठेवला. तर काय! ताडकन उभा! खाली सगळं पाणीच पाणी. उभा राहिला तो निजेना. चार पावलं चाललो, उभा. मी त्याच्या पाया पडलो आणि म्हटलं, बाबा, तुला इथं आयुष्यभर उभंच राहायचंय, दमशील.

खलाशी जमले. जपानी माणूस कधी हसत नाही, असं लोक म्हणतात. माझा नारळ बघून एक जण हसता हसता पत्र्यावर बसला आणि चटका बसून उठला.

आणि एका सकाळी, साहेब, तो उभा नारळ एकदम धाडकन आडवा झाला.

"का?" साहेब.

"मी बी हेच म्हनलं, का? मग डोक्यात उजेड पडला. नारळाला खालचं पानी दिसत हुतं, म्हनून तो उभा. आता मधी लोखंड आलं! पान्याच्या आन् त्याच्या मधी लोखंड आलं, की नारळ निजतो. आन् समुद्रात लोखंड कशाला येईल? पाणबुडी!"

"आयला," कानिफ म्हणाला. मग त्याला आठवलं की आपण विरोधात आहोत. "म्हंजी, कायबी!"

मी धावत कप्तानाकडं गेलो. भाषा येत नव्हती. एका हातानं नारळ निजवला, दुसऱ्या हाताचा मासा करून खालून घातला, आणि तोंडानं धुडुम केलं. कप्तान शहाणा माणूस. त्यानं डबीवाल्याकडं पाहिलं, डबीवाला म्हणाला, काही नाही. त्यानं नारळाकडं पाहिलं, नारळ निजलेला. कप्तानानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पिंपं सोडली. समुद्र फाटला! जरा वेळानं पाण्यावर तेलाचा मोठा काळा तवंग आला, आणि पाणबुडी जखमी होऊन जी पळाली, ती मागं फिरली नाही. मारली असं मी म्हणत नाही. मला खोटं बोलायला आवडत नाही.

त्या दिवसापासून नारळाची चाकरी सुरू झाली. बोटीच्या नाकाडावर मला चौरंग दिला. नारळाला खलाशाची पांढरी टोपी शिवली. सकाळी कप्तान पाहणीला आला की आधी नारळाला सलाम, मग मला. माझ्या जेवणात वाळका मासा आला. नारळाला मात्र उपास, कारण खाल्लं तर जड होईल.

"येकदा फसला आसंल की," कानिफ म्हणाला. त्याचा स्वर आता भांडणाचा नव्हता, पुढचं ऐकायचा होता.

"फसला कसा न्हाई! येकदा नारळ ना उभा, ना आडवा. कलला. आसा, पाटलाच्या फेट्यावानी. कप्तान म्हनला, ह्याचा अर्थ काय? मी म्हनलं, थांबा, पिंप सोडू नका. जरा वेळानं बाजूला हा एवढा देवमासा वर आला! पोटात पानी, वर मास, म्हनून अर्धा कौल. त्यानं आमच्याकडं बघून कारंजं उडवलं आन् गेला. जीव वाचवला त्याचा, उपकार मानले."

साहेब पोट धरून हसत होते. मी हसलो नाही. हसला की पाणाड्या संपला.

"अन् तांडा?" त्यांनी डोळे पुसले.

"पोचला. त्यानंतर येक बी मेंढरू गेलं न्हाई. बंदरावर उतरताना कप्तानानं नारळ हातात घेतला, कपाळाला लावला. म्हनला, तुमच्या मुलखात पानी कमी, आमच्या मुलखात जास्ती, म्हनून तुमाला त्याची किंमत." हे तो कुठल्या भाषेत म्हणाला ते साहेबांनी विचारलं नाही. चांगली माणसं असं विचारत नाहीत.

मी उठलो, घरातून नारळ आणला आणि चुन्याच्या फुलीवर उभा राहिलो. नारळ तळहातावर आडवा ठेवला. एक क्षण. दोन. ताडकन शेंडी वर!

 साहेब उठले, टोपी घातली.

"सरपंच," ते म्हणाले, "माझं यंत्र दोन्ही जागांना सारखं म्हणतंय. कुठूनतरी एक जास्तीचा कौल हवाच. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा हे बरं. निदान या नारळाला कामाचा अनुभव आहे."

"साहेब, आवो, चावडी..." कानिफचा आवाज पडला.

"चावडीत नारळ उभा राहतो का?"

कानिफनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या बापाच्या विहिरीची जागा याच नारळानं दाखवलेली, आणि तिला पाणी लागलेलं.

साहेबांनी खाली सडकेकडं हात वर केला. गाडीच्या ड्रायव्हरनं बिडी टाकली आणि इंजिन सुरू केलं. तो आवाज माळावर चढत आला, आणि मला वाटलं, झालं! बनू, उद्यापासून तुझे गुडघे तुझ्या घरात.

त्याच इंजिनाच्या आवाजात मला दुसरा आवाज आला. कट्. कट्. ओळखीचा. चढणीवरून आधी हंडा दिसला, मग बनू. किती वेळ ती बांधाच्या आडोशाला दम खात उभी होती, कोण जाणे. साहेबांना बघून तिनं पदर सारखा केला, दारात आली, आणि हंडा नेमका चुन्याच्या फुलीवर टेकवला. पाण्याचा एक थेंब फुलीवर सांडला. तो तिनं बोटानं टिपून कपाळाला लावला.

"या आजी," साहेब म्हणाले. "तुमच्या मालकांच्या नारळानं आमची बोअर जिंकली बघा."

बनूनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. तिचं लक्ष माझ्या हातातल्या नारळाकडं होतं, आणि तोंडावर ते हसू, जे लग्नाआधी बघून मी फसलो होतो.

"अवो," ती म्हणाली, "लढाईवरनं आल्यापास्नं इचारीन इचारीन म्हनतेय, आन् ऱ्हाऊनच जातंय. मधी लोखंड आलं की नारळ निजतो म्हनता, मग तुमी त्यो घिऊन जिच्यावर हुबं हुता, ती बोट काय बाभळीची हुती व्हय?"